वेरूळ ते औट्रम घाट : एका कामठ्याची हकीकत

गेल्या खंडेनवमीस आमच्या घरी धनुर्भंग झाला. जनकाच्या दरबारी जो धनुर्भंग झाला त्याने लग्न जुळले. आमच्या येथल्या धनुर्भंगाने वहिनींनी दोन दिवस कोणाशी धड भाषण केले नाही, आणि ज्याच्या हातून तो घडला तो आमचा चौदा वर्षांचा पुतण्या दसऱ्याच्या दिवशी भरल्या पानावरून उठून गच्चीवर जाऊन बसला.

आमचे आजोबा शाळाखात्यात होते. 1950 नंतरची पंधरा-वीस वर्षे त्यांची फिरती खानदेशात झाली. कोणी नाणी जमवितो, कोणी पोथ्या. आजोबांनी धनुष्ये जमविली. त्यांच्या पश्चात घरी पाच उरली. ती ओसरीच्या भिंतीवर, फोटोंच्या वर, दोरी चढविलेल्या स्थितीत ओळीने टांगलेली असत. दोरीवाचून धनुष्य म्हणजे नुसती काठी दिसते, तेव्हा पाहुण्यांस ती चढविलेलीच बरी दिसत. आमचे वडील बंधू, ज्यांस घरात सारे दादा म्हणतात, दरवर्षी खंडेनवमीस ती खाली काढीत, तेलाचा हात देत, सैल झालेली दोरी पुन्हा आवळीत. मग गंजकी तलवार, विळी, अडकित्ता, शिवणयंत्र आणि हल्लीचा संगणक यांच्या पंक्तीत ती मांडून पूजा होई.

यंदा पूजा आटोपल्यावर पुतण्याने त्यांतले सर्वांत देखणे धनुष्य उचलले, दोरी कानापर्यंत ओढली आणि सोडून दिली. बाण नव्हताच. लाकूड फाटल्यासारखा आवाज झाला व हातात दोन तुकडे आले. वहिनी म्हणाल्या, अपशकुन झाला. दादा म्हणाले, साठ वर्षे भिंतीवर सुखरूप होते ते पोराने एका क्षणात मोडले. पोर म्हणत होते, "मी काही केलं नाही, फक्त ओढलं." खरे सांगावयाचे तर त्या वेळी आमचेही मत दादांच्याच बाजूचे होते.

तुकड्यांवर आजोबांच्या हातची एक चिठ्ठी डिंकाने चिकटविलेली होती. शाई विटली होती, तरी "कन्नड घाटाखाली, भिल्ल कारागिराकडून" एवढे वाचता आले. मार्गशीर्षात घृष्णेश्वराच्या दर्शनास व वेरूळ पाहावयास सहकुटुंब जावयाचे आधीपासून ठरले होते. वेरुळाहून कन्नड व तेथून घाट हा काही लांबचा पल्ला नव्हे. तेव्हा धोतराच्या धडप्यात गुंडाळून दोन्ही तुकडे बरोबर घेतले. दादांस ही कल्पना पसंत नव्हती, पण त्यांनी मोडताही घातला नाही.

वेरुळाविषयी नव्याने काय लिहावे? चौतीस लेणी; पहिली बारा बौद्धांची, पुढली सतरा ब्राह्मणी, शेवटची पाच जैनांची. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याने आठव्या शतकात कोरविलेले कैलास सर्वांस ठाऊक आहे. 1983 साली ही लेणी जागतिक वारशाच्या यादीत गेली, तेव्हापासून गर्दीही जगाची असते. पण मोडके धनुष्य बरोबर घेऊन लेणी पाहू लागले की मनुष्याचे डोळे एकाच दिशेस वळतात असा आम्हांस अनुभव आला. एरवी जे मूर्तीच्या मुखाकडे पाहून पुढे जावयाचे, तेथे आम्ही हात कोठे आहेत, खांदा किती मागे गेला आहे, हे पाहू लागलो.

कैलासाशेजारचे पंधरावे लेणे, दशावतार, पुष्कळ यात्रेकरू चढण पाहून सोडून देतात. त्यांनी तसे करू नये. अंगणातील मंडपावर दंतिदुर्गाचा शिलालेख आहे, आणि वरच्या मजल्याच्या भिंतींवर जे मोठमोठे पट आहेत त्यांत त्रिपुरांतक शिवाचा एक आहे. कथा घरोघर ठाऊक असलेली. तारकासुराच्या तीन पुत्रांची सोन्याची, रुप्याची व लोखंडाची अशी तीन नगरे. ती सहस्र वर्षांतून एकदाच एका रेषेत यावयाची आणि एकाच बाणाने भेदावयाची. पृथ्वीचा रथ झाला, चंद्रसूर्याची चाके झाली, चार वेदांचे घोडे झाले, ब्रह्मदेव सारथी बसला. मेरुपर्वताचे धनुष्य, वासुकीची दोरी, आणि बाण साक्षात विष्णू. आम्ही ही कथा मुलांस सांगत असता पुतण्या पटाजवळ जाऊन बराच वेळ निरखीत होता. तो म्हणाला, "काका, दोरी कुठं आहे?"

आम्हांसही ती ठळक अशी दिसली नाही. बारा शतकांची झीज, आणि आमची दृष्टीही आता पूर्वीची राहिली नाही. शिवाय दगडातून दोरी कोरणे हे पाथरवटापुढे संकटच. ती सुटी कोरावी तर तुटते, भिंतीला चिकटून कोरावी तर झिजून जाते. परंतु देवाच्या अंगाचा डौल असा आहे की दोरी ताणलेली आहे याविषयी पाहणाराच्या मनात संशय राहत नाही. धनुर्धराने उभे कसे राहावे याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. अग्निपुराणात धनुर्वेदाचे अध्याय आहेत, भरताच्या नाट्यशास्त्रातही समपाद, वैशाख, मंडल, आलीढ, प्रत्यालीढ ही स्थाने दिली आहेत. आलीढात दोन पावलांत पाच वितींचे अंतर, एक गुडघा वाकलेला, एक पाय ताठ. शस्त्र आलीढात सज्ज करावे व प्रत्यालीढात सोडावे असा भरताचा संकेत. त्यांत डावा पाय कोणता व उजवा कोणता याविषयी ग्रंथाग्रंथांत एकवाक्यता नाही. दादा संस्कृताचे जुने अध्यापक. त्यांनी तेथेच पुतण्यास आलीढात उभे करून दाखविले. खंडेनवमीनंतर ते त्याच्याशी आपण होऊन बोलले ते प्रथमच. तेव्हा पाय डावा की उजवा हा वाद आम्ही मनातच ठेवला.

दुपारी कैलासात गेलो. मुख्य देवालयाच्या दक्षिणेच्या भिंतीवर रामायणाचा पट आहे, उत्तरेच्या भिंतीवर महाभारताचा व कृष्णचरित्राचा. लहान लहान आकृती ओळींवर ओळी कोरलेल्या. महाभारताच्या पटात अर्जुनाचे तप व किराताशी झालेले त्याचे युद्ध आहे. आम्ही लहानपणापासून ही कथा ऐकत आलो ती अशी, की शंकराने किराताचे सोंग घेतले व भक्ताची परीक्षा पाहिली. पण शंकरास सोंगच घ्यावयाचे होते तर राजाचे घेता आले असते, ऋषीचे घेता आले असते. द्रोणाचा पट्टशिष्य, सव्यसाची, गांडीवधारी. त्याचा गर्व उतरविण्यास महाभारतकाराला रानातला एक शिकारी धनुर्धर लागला. आपल्या बायका ज्या पार्वतीची पूजा करतात तीही लोककथेत शंकरास जिंकावयास जाते ती भिल्लिणीच्या वेषाने. त्या दिवशी आम्ही हे मनात आणले आणि सोडून दिले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आठवले.

रात्री मुक्कामी धनुष्यांच्याच गोष्टी निघाल्या. अलेक्झांडरच्या स्वारीबरोबर आलेल्या निआर्कसच्या आधारे आरियन या ग्रीक ग्रंथकाराने हिंदी पायदळाच्या धनुष्याचे वर्णन केले आहे. ते धनुष्य माणसाच्या उंचीइतके असे, त्याचे एक टोक जमिनीस टेकवून डाव्या पायाने दाबून दोरी मागे ओढीत, आणि बाण तीन हातांहून थोडाच कमी. त्यापुढे ढाल टिकत नसे की चिलखत. इंग्रजांचे जे लांब धनुष्य, ज्याने 1415 साली अजिंकूर येथे फ्रेंच सरदारांची दाणादाण उडविली, तेही पुरुषभर उंचीचे, यू नावाच्या झाडाचे. 1545 साली बुडालेले मेरी रोझ हे इंग्रजी जहाज 1982 साली समुद्रातून वर काढले; त्यावर अशी शंभराहून अधिक धनुष्ये सापडली. त्यांतली पुष्कळ पेट्यांत रचून ठेवलेली होती. दोरी एकासही चढविलेली नव्हती. हे आम्ही स्वतःच वाचून दाखविले, आणि आमच्या ओसरीवरील भिंत काही आम्हांस आठवली नाही!

दुसऱ्या दिवशी सकाळी कन्नडवरून घाट उतरलो. गौताळ्याचे अभयारण्य याच डोंगरात आहे. घाटास औट्रम घाट म्हणतात. 1818 साली पेशवाई गेल्यानंतर खानदेशातील भिल्ल कंपनी सरकारास शरण जाईनात, तेव्हा 1825 साली जेम्स औट्रम या तरुण इंग्रज अंमलदाराने त्यांच्यात राहून, त्यांच्याबरोबर शिकार करून, त्यांचीच एक पलटण उभी केली. पुढे 1858 साली आंबापाणीस खाज्या नाईकाच्या भिल्लांनी इंग्रजी फौजेस तोंड दिले. घाटास नाव मात्र औट्रमचे मिळाले.

घाटाखाली चौकशी करीत करीत एका वाडीस पोहोचलो. वाडीचे नाव येथे देत नाही. तेथे मोटारी भरभरून लोक जावेत अशी तेथील कारागिराची इच्छा नाही. वय सत्तरीचे असावे. दारात त्याने तीन-चार रंगविलेली, झगमगीत कागद चिकटविलेली धनुष्ये उभी केली होती. दादांनी त्यांतले एक हाती घेताच तो म्हणाला, "ते नका घेऊ साहेब, ते शोभेचं आहे. ओढलं की मोडेल." शहरातील हौशी लोक भिंतीवर लावावयास मागतात, म्हणून तो ती करतो. त्यांना तासून तोल काढण्याचे श्रम तो घेत नाही, कारण ती कोणी ओढणारच नसतात. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर रानात शिकार बंद झाली. होळीच्या नाचात हाती धरावयास तिरकामठा लागतो, पण तेवढ्याकरिता चांगला कामठा कोण करून घेतो? संग्राहकांस आपण कलेचे त्राते आहोत असे वाटत असते. आम्हांसही वाटत होते. त्या दारातली ती रंगीत धनुष्ये पाहून ते वाटणे कमी झाले.

आमचे गाठोडे सोडले. त्याने तुकडे बराच वेळ हातात फिरविले, मोडीवरून बोट नेले. बांबूची बाहेरची साल ताण सोसते, आतला गर दाब सोसतो. इंग्रजी धनुष्यातही यूचे बाहेरचे पांढरे लाकूड पाठीस व आतले तांबूस पोटास ठेवतात ते याच कारणाने. त्याने आम्हांस पोटाच्या बाजूस बारीक सुरकुत्या दाखविल्या. त्या आजच्या नव्हत्या, त्यांत धूळ व तेल जुने होऊन बसले होते. मग दोन्ही तुकडे जमिनीवर जुळवून ठेवले. दोरी नसतानाही धनुष्य वाकलेलेच राहिले. तो म्हणाला, "दोरी कुणी चढवून ठेवली? बैलाला रात्रंदिवस जुवाला जुंपला तर काय होईल? हा कामठा कधीच मेला होता. पोरानं नुसता आवाज केला."

थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग दादा म्हणाले, "दोरी मी आवळीत होतो. दरवर्षी."

वृद्धाने पोरासही अगदीच निर्दोष ठरविले नाही. बाण न लावता दोरी सोडू नये. बाणात जावयाचा जोर जावयास वाट राहत नाही, तो उलटून बाहूंत शिरतो. नवा कामठासुद्धा त्याने चिरतो. पुतण्याने मान डोलाविली. त्याच्या चेहऱ्यावर दसऱ्यापासून जे सावट होते ते मात्र उतरलेले आम्ही पाहिले.

मोडलेला कामठा सांधता येत नाही. परंतु चुलीवरच्या माळ्यात त्याने मागल्या हिवाळ्यातले काही बांबू ठेवले होते. भरीव बांबू, अंधाऱ्या पाखात तोडलेला म्हणजे कीड लागत नाही अशी समजूत, सावलीत वाळविलेला व धुराने पिवळा झालेला. त्यांतला एक अर्धवट घडविलेला काढून तो कामास बसला. सकाळपासून तिसऱ्या प्रहरापर्यंत आम्ही तेथेच बसलो. वहिनींनी डब्यातल्या दशम्या सोडल्या, त्यांत वृद्धाचा व त्याच्या नातवंडांचाही वाटा होता.

त्याची हत्यारे म्हणजे एक विळा, एक सुरी व फुटक्या काचेचा तुकडा. घडण झाली की जाड दोरी बांधून तो कामठा थोडासा ओढी, डोळे बारीक करून दोन्ही बाहू पाही, जो बाहू कमी वाकतो त्याच्या पोटावरून काचेने चार-सहा वेळा खरवडी, पुन्हा ओढी. प्रत्येक वेळी थोडे अधिक. असे शेकडो वेळा झाले असेल. माप नाही, पट्टी नाही. एकदा त्याने कामठा पुतण्याच्या हाती देऊन विचारले, कोणती बाजू हट्टी आहे सांग. पोराने बरोबर सांगितली. दादा संस्कृताच्या वर्गात उत्तर बरोबर आल्यावर जसे "हं" म्हणत तसेच "हं" म्हणाले.

शेवटी दोरी. हल्लीची मुले नायलॉनची लावतात. आम्ही जुन्या पद्धतीची मागितली. त्याने बांबूची लांब चिवट पट्टी काढली, सुरीने तासून गवताच्या पातीसारखी पातळ केली व तिच्या टोकांस तंतूंचे फासे वळले. बांबूच्या धनुष्यास बांबूचीच दोरी! कौटिल्याने अर्थशास्त्रात ताड, वेळू, लाकूड व शिंग यांची धनुष्ये सांगितली आहेत, आणि दोरीची जी द्रव्ये मोजली आहेत त्यांत मोरवेल, रुई, ताग, स्नायू यांबरोबर वेणूही आहे. दादांनी हा भाग वर्गात किती वेळा शिकविला असेल, पण वेळूची दोरी होते कशी हे त्यांनी कधी पाहिले नव्हते. त्यांनी वृद्धास कौटिल्याची गोष्ट मोठ्या उत्साहाने सांगितली. वृद्धाने ऐकून घेतली आणि विचारले, ते स्वतः करीत होते का? दादांस उत्तर सुचले नाही. आम्हांस कैलासातला तो किरात आठवला.

मग तो उभा राहिला. आलीढ नव्हे, प्रत्यालीढ नव्हे. घाटात ओझे घेऊन थांबलेला माणूस जसा उभा राहतो तसा, गुडघे किंचित सैल. दोरी त्याने तर्जनी व मध्यमा या दोन बोटांनीच ओढली. अंगठा दूर होता. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तुर्क, मंगोल व मोगल हे दोरी अंगठ्याने ओढीत, आणि तो चिरू नये म्हणून त्यात हाडाची वा मौल्यवान दगडाची अंगठी घालीत. तशा अंगठ्या संग्रहालयांतून आहेत. युरोपात मात्र तर्जनी, मध्यमा व अनामिका वापरीत. अंगठा तोडून मागण्यात द्रोणाने एकलव्याचे सर्वस्व मागितले असे आपण म्हणतो, ते अंगठ्याने दोरी ओढणाऱ्यांच्या दृष्टीने अक्षरशः खरे आहे. पण दोन बोटांनी ओढणाऱ्यापाशी विद्या शिल्लकच राहते. दादांनी वृद्धास अंगठा का लावीत नाही म्हणून विचारले. तो म्हणाला, "तो दिलेला आहे." इतकेच. बाण समोरच्या शेणाच्या ढिगात शिरला व अर्धा आत गेला.

किंमत त्याने जी सांगितली ती आमच्या मुलांच्या क्रिकेटच्या बॅटीहून कमी होती. वहिनी सवयीने घासाघीस करावयास गेल्या. दादांनी त्यांस थांबविले व सांगितल्याहून काही अधिक दिले. लोखंडी पात्याचे बाण त्याने दिले नाहीत. पोरासाठी म्हणून बोथट टोकाचे दोन दिले.

तिरंदाजीचे वेड आता आमच्या पुतण्यास लागले आहे. 2023 साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची आदिती स्वामी व नागपूरचा ओजस देवतळे यांनी सुवर्णपदके मिळविली, ती चाकांच्या कंपाउंड धनुष्याने. तो त्यांची चित्रे पाहतो, आणि त्या धनुष्याची दोरी नेहमी चढविलेलीच कशी चालते म्हणून विचारतो. त्या धनुष्याची जातच वेगळी, हे त्याचे त्यालाच पुढे कळेल.

ज्या वाचकांच्या घरी असे जुने धनुष्य असेल त्यांनी ते आजच खाली काढून पाहावे. दोरी चढविलेली असल्यास हळूच उतरवावी. पुन्हा चढवून ओढून पाहण्याच्या मोहात मात्र पडू नये; वर्षानुवर्षे वाळलेला बांबू तो ताण सोसणार नाही. चुलीपासून, उन्हापासून व ओलीपासून दूर, दोन ठिकाणी आधार देऊन आडवे ठेवावे. कोठून आले ते कागदावर लिहून ठेवावे. आजोबांनी ती चिठ्ठी लिहिली नसती तर आम्ही कोणत्या घाटाखाली गेलो असतो?

घरी परतल्यावर वहिनींनी नवा कामठा कोठे टांगावयाचा म्हणून विचारले. ओसरीवरील उरलेली चार धनुष्ये दादांनी त्याच दिवशी उतरविली होती व पुतण्या त्यांच्या दोऱ्या सोडीत बसला होता. त्यांतले एक दोरी काढल्यावर पुष्कळसे सरळ झाले, एक अर्धे, आणि दोन तशीच वाकलेली राहिली. नवा कामठा त्याच्या खोलीत फळीवर आडवा आहे. रविवारी सकाळी तो मागच्या अंगणात गवताच्या पेंढीवर बोथट बाण सोडतो. दादा खुर्ची टाकून बसतात, आणि बाण सोडून झाले की दोरी उतरविली का म्हणून दर वेळी विचारतात.